‘सगळे ४३२६ मध्ये ठेवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

जीआयएस (संगणकावर नकाशे आणि स्थानाची माहिती हाताळण्याची प्रणाली) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये आणि पाणलोट, शेती, नगररचना अशा कामांसाठी नकाशे वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्याचा आशय असा: निर्देशक प्रणाली (सीआरएस, म्हणजे आकड्यांनी जागा सांगण्याची पद्धत) आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) यांचा बाऊ करू नये, सगळे लेयर, म्हणजे नकाशाचे थर, ईपीएसजी या प्रणालींच्या यादीतल्या क्रमांक ४३२६ मध्ये, म्हणजे जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशांत ठेवावेत, बाकीचे सॉफ्टवेअर पाहून घेते, मीटर हवे असतील तर ३८५७ घ्यावे किंवा महाराष्ट्रासाठी सरसकट यूटीएमचा (सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा) ४३ वा विभाग लावावा, लेयर जुळला नाही तर त्याचा सीआरएस बदलून पाहावा, जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षण विभागाच्या छापील भूरूप नकाशांवरचे) अक्षांश-रेखांश जसेच्या तसे घ्यावेत, आणि एवढे करून जो फरक उरेल तो किरकोळ समजावा. हा सल्ला सोपा आहे, म्हणूनच तो पसरला. परंतु त्यातून निघालेले क्षेत्रफळ पुढे कोणाच्या तरी कागदावर चढते, त्यामुळे त्याचे उत्तर मुद्देसूद द्यायला हवे.

‘बाकीचे सॉफ्टवेअर पाहून घेते’ या विधानाचा अर्धा भाग खरा आहे. माहिती साठवण्यासाठी आणि एकमेकांना देण्यासाठी ४३२६ उत्तम आहे. जीपीएस त्याच स्वरूपात स्थान दाखवते आणि जिओजेसन या नकाशा-माहितीच्या फाइल प्रकाराचे २०१६ चे मानकही डब्ल्यूजीएस ८४ चेच अक्षांश-रेखांश मागते. क्यूजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून वेगवेगळ्या प्रणालींतले लेयर आपोआप एकमेकांवर बसतात, हेही खरे. मात्र ही जुळणी केवळ पडद्यावर चित्र काढण्यापुरती असते. फाइलमधले आकडे होते तसेच राहतात, आणि बफरसारखी (एखाद्या खुणेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखणारी) साधने त्या आकड्यांवरच चालतात. ४३२६ मधल्या विहिरींभोवती ५०० चा बफर मागितला की सॉफ्टवेअर तो ५०० अंशांचा समजते. त्यावर उपाय म्हणून अनेकजण ०.००४५ अंश लिहितात. पुण्याच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश सुमारे ११०.७ किलोमीटर, तर एक अंश रेखांश सुमारे १०५.६ किलोमीटर भरतो. त्यामुळे पडद्यावर गोल दिसणारा तो बफर जमिनीवर उत्तर-दक्षिण ४९८ मीटर आणि पूर्व-पश्चिम ४७५ मीटर त्रिज्येचा होतो. लेहला पूर्व-पश्चिम त्रिज्या जेमतेम ४१५ मीटर उरते.

क्षेत्रफळाच्या बाबतीत गोंधळ अधिक लपलेला असतो. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचे चिन्ह असलेले ‘एरिया’ हे पद प्रोजेक्टला नेमून दिलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलाच्या गणिती आकृतीवर मोजते. याउलट ‘एरिया’ या फंक्शनला भूमिती दिली की ते लेयरच्या सपाट निर्देशकांवरून मोजते, आणि ४३२६ मध्ये त्याचे उत्तर चौरस अंशांत येते. एकाच शेताची अशी दोन उत्तरे येत असताना ‘सॉफ्टवेअर पाहून घेते’ असे म्हणणे म्हणजे कोणते साधन काय मोजते हे न पाहण्याची मोकळीक घेणे होय.

‘मीटर हवे असतील तर ३८५७ घ्या’ हा माझ्या मते या सल्ल्यातला सर्वांत हानिकारक भाग आहे, कारण येथे उत्तर चौरस मीटरमध्ये येते आणि म्हणून कोणाला शंकाच येत नाही. ३८५७ म्हणजे वेब मर्केटर, इंटरनेटवरच्या नकाशांच्या चौकोनी तुकड्यांसाठी रूढ झालेले प्रक्षेपण. त्यातला मीटर फक्त विषुववृत्तावर खरा असतो. तेथून दूर जावे तसे अंतर अक्षांशाच्या कोज्येच्या व्यस्त प्रमाणात फुगते आणि क्षेत्रफळ जवळपास त्याच्या वर्गाने. पुणे जिल्ह्यात सातबाऱ्यावर १ हेक्टर ०० आर असलेले शेत ३८५७ मध्ये मोजले तर सुमारे १ हेक्टर १२ आर भरते, नागपूरजवळ ते १ हेक्टर १५ आर होते आणि श्रीनगरला जवळपास दीड हेक्टर. पार्श्वभूमीला उपग्रहचित्र लावण्यासाठी ३८५७ जरूर वापरावे, पण त्यात मोजलेले क्षेत्र अहवालात जाऊ नये.

यूटीएम हा मोजमापासाठी योग्य मार्ग आहे. त्याच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असते, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटरचा फरक. पण महाराष्ट्र एका विभागात मावत नाही. ४३ आणि ४४ या विभागांची सीमा असलेले ७८ अंश पूर्व रेखावृत्त अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून जाते. अमरावती शहर ४३ व्या विभागात पडते, तर यवतमाळ, वर्धा आणि नागपूर ४४ व्या. सीमेवरच्या एकाच बिंदूचे पूर्वांतर (पूर्व-पश्चिम दिशेचा निर्देशक) ४३ व्या विभागात सुमारे ८,१३,००० मीटर आणि ४४ व्या विभागात सुमारे १,८७,००० मीटर येते. संपूर्ण राज्याचे क्षेत्र एकाच हिशेबात काढायचे असेल तर समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारे, प्रक्षेपण घ्यावे. उदाहरणार्थ १७ आणि २१ अंश हे प्रमाण अक्षांश धरलेले आल्बर्स.

‘जुळत नसेल तर सीआरएस बदलून पाहा’ या वाक्यात दोन निराळ्या क्रियांची सरमिसळ आहे. क्यूजीआयएसमधले ‘सेट लेयर सीआरएस’ आणि आर्कजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधले ‘डिफाइन प्रोजेक्शन’ फक्त लेबल बदलतात. आकडे बदलतात ते ‘रिप्रोजेक्ट लेयर’ आणि ‘प्रोजेक्ट’ या साधनांनी. पोत्यावरच्या चिठ्ठीत पायलीच्या जागी किलो लिहिल्याने आतले धान्य बदलत नाही, चिठ्ठी मात्र खोटी ठरते. ४३ व्या विभागातल्या अमरावतीच्या लेयरवर ४४ चे लेबल लावले तर तो अक्षांश न बदलता सहा अंश पूर्वेला सरकून ओडिशात जातो. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदलही अशीच दिसते: पुणे स्वालबार्डच्या दक्षिणेकडील समुद्रात जाऊन पडते. धोका आहे तो न दिसणाऱ्या चुकीचा. लेबल तेव्हाच बदलावे, जेव्हा मूळ माहिती कोणत्या प्रणालीत तयार झाली हे ठाऊक आहे आणि फाइलवर तेवढे नोंदवलेले नाही, जसे शेपफाइल या नकाशा-फाइलसोबतची, प्रणालीची नोंद असलेली पीआरजे फाइल हरवल्यावर.

जुन्या टोपोशीटबाबतचा सल्ला याच न दिसणाऱ्या चुकीकडे नेतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या त्या नकाशांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूरशी बांधलेल्या डेटमवर (एलिप्सॉइड पृथ्वीवर कसा बसवला हे ठरवणाऱ्या आधारावर) मोजलेले आहेत; डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवरचे खुल्या मालिकेचे नकाशे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे. तेच आकडे डब्ल्यूजीएस ८४ चे समजून बसवले तर महाराष्ट्रात नकाशा शंभर मीटरहून अधिक सरकतो. एवढ्या अंतरात ओढा, पाणंद आणि गावठाणाची हद्द अशा तिन्ही गोष्टी मावू शकतात. शिवाय एव्हरेस्टही एकच नाही: फूट आणि मीटर यांचे गुणोत्तर वेगवेगळे धरल्यामुळे त्याची अर्धअक्ष-लांबी कुठे ६३,७७,२७६ मीटर तर कुठे ६३,७७,३०१ मीटर दिलेली आढळते. म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीत ‘एव्हरेस्ट’ दिसले की निवडले, असे करू नये. टोपोशीट कोणत्या डेटमची आहे ते पाहावे, रूपांतराची पद्धत निवडावी आणि रस्त्यांचे छेद किंवा जुनी मंदिरे यांसारख्या न हललेल्या खुणांवर निकाल तपासावा.

शेवटचा दावा असा, की मोबाइलच्या जीपीएसमध्येच काही मीटरांची चूक असते, तर प्रक्षेपणाच्या फरकाचे काय घेऊन बसायचे. या दोन चुकांचा स्वभाव वेगळा आहे. जीपीएसची चूक कधी बांधाच्या आत पडते, कधी बाहेर, आणि अनेक शेतांची बेरीज करताना बरीचशी एकमेकींत जिरते. ३८५७ ची चूक मात्र प्रत्येक शेतात एकाच बाजूला असते, त्यामुळे शेते कितीही वाढवली तरी टक्केवारी तेवढीच राहते आणि हेक्टर वाढत जातात. पुणे जिल्ह्यातल्या शंभर हेक्टरांच्या पाणलोटात जमिनीवर नसलेले बारा हेक्टर कागदावर उभे राहतात, आणि बांधबंदिस्तीचा अंदाजही त्यांच्यासह केला जातो.