पितळी व्हॉल्व्हमधले शिसे, तांबे आणि 'शुद्धते'चा गैरसमज

पाण्याच्या जोडणीतले पितळी व्हॉल्व्ह कसे पारखावेत हे सांगणारा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: अस्सल पितळेत फक्त तांबे आणि जस्त असते, त्यामुळे शिसे आढळले तर ती भेसळ, तांबे जितके जास्त तितका व्हॉल्व्ह टिकाऊ, चुंबक चिकटला नाही, हाताला जड लागला आणि रंग पिवळाधमक असला की माल खरा, 'लेड-फ्री' म्हणजे शिसे शून्य, आणि व्हॉल्व्ह तडकला तर तो भंगारातून ओतलेला होता असे समजावे. यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात सत्याचा थोडा अंश आहे, आणि त्यामुळेच वाचणाऱ्याला ते पटते.

पहिले विधान शिशाचे. व्हॉल्व्हचे स्पिंडल (उघडझाप करणारा दांडा), नट आणि आट्यांचे भाग ज्या पितळेतून लेथवर कातले जातात, त्या पितळेत सुमारे २.५ ते ३ टक्के शिसे जाणूनबुजून घातलेले असते. व्हॉल्व्हची बॉडी ज्या फोर्जिंगच्या, म्हणजे तापवून साच्यात दाबायच्या, पितळेतून घडवतात, त्यात ते साधारण १.५ ते २.५ टक्के असते. शिसे पितळेत विरघळत नाही. ते सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात धातूभर विखुरलेले राहते, कातताना निघणारा कीस त्या गोळ्यांपाशी तुटतो आणि हत्यारालाही त्यांचे वंगण मिळते. शिसे नसते तर लांबच लांब कीस हत्याराभोवती गुंडाळला गेला असता आणि बारीक आटे स्वच्छ निघाले नसते. ठरलेल्या मर्यादेत, ठरलेल्या कामासाठी घातलेल्या घटकाला भेसळ म्हणता येत नाही.

मात्र मजकूर लिहिणाऱ्याची काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पिण्याच्या पाण्यात शिसे उतरते, आणि शरीराला शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. कातकामात पृष्ठभागावर शिशाचा पातळ लेप पसरतो, त्यामुळे नवीन व्हॉल्व्हमधून आणि रात्रभर साचून राहिलेल्या पाण्यात ते अधिक सापडू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी कमी शिशाचे पितळ मागणे म्हणूनच पूर्णपणे योग्य आहे. ते मागण्याचे कारण आरोग्य आहे, धातूची 'शुद्धता' नव्हे, आणि हा फरक सुटला की पुढची सगळी पारख चुकते.

याच ओघात 'लेड-फ्री' या शब्दाचा निकाल लावू. अमेरिकेच्या कायद्यात १९८६ पासून ८ टक्क्यांपर्यंत शिसे असलेल्या जोडभागांनाही 'लेड-फ्री' म्हणता येत होते. ४ जानेवारी २०१४ पासून ही मर्यादा ०.२५ टक्क्यांवर आली, पण तीसुद्धा पाण्याचा स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागांची भारित सरासरी म्हणून. समजा, पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागाचा ९० टक्के भाग ०.१ टक्के शिशाच्या बॉडीचा आहे आणि उरलेला १० टक्के भाग १.५ टक्के शिशाच्या स्पिंडलचा, सरासरी ०.०९ अधिक ०.१५, म्हणजे ०.२४ टक्के निघते आणि व्हॉल्व्ह त्या व्याख्येत बसतो. शून्य शिसे असे त्या शब्दात कुठेही अभिप्रेत नाही.

आता तांब्याकडे वळू, कारण सर्वांत मोठा घोळ इथे आहे. पितळेत जस्ताचे प्रमाण साधारण ३५ टक्क्यांच्या आत असेल तर सगळा धातू एकाच स्फटिक-रचनेचा राहतो, तिला अल्फा म्हणतात. जस्त त्याहून बरेच वाढले की बीटा नावाची दुसरी रचना सोबत येते. बीटा तापवल्यावर मऊ होते, म्हणूनच फोर्जिंगच्या पितळेत तांबे मुद्दाम ५८ ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तांबे वाढवले तर तीच बॉडी साच्यात नीट भरणे अवघड होते. म्हणजे कमी तांबे ही इथे लबाडी नसून घडाईची गरज आहे.

याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. काही प्रकारच्या पाण्यात, विशेषतः क्लोराइड जास्त असेल आणि पाणी साचून राहत असेल तर, बीटामधले जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ, लालसर सांगाडा उरतो. बाहेरून आकार तसाच दिसतो, पण स्पिंडल फिरवताना तुटतो. यावरचा उपाय म्हणजे ०.०२ ते ०.१५ टक्के आर्सेनिक. इतक्या अल्प प्रमाणात ते अल्फाला जस्त गमावण्यापासून वाचवते. बीटाला वाचवत नाही. त्यामुळे अशा पितळेत तांबे ६१ ते ६३ टक्के ठेवून, घडाईनंतर भाग सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, म्हणजे उरलेली बीटा अल्फात विरून जाते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा: रासायनिक विश्लेषणात तंतोतंत सारखे निघालेले दोन व्हॉल्व्ह, एक असा तापवलेला आणि दुसरा न तापवलेला, एकाच पाण्यात अगदी वेगळे वागतील. म्हणूनच प्रमाणित चाचणीत नमुना १ टक्का क्युप्रिक क्लोराइडच्या द्रावणात ७५ अंशांवर २४ तास ठेवून जस्त किती खोलीपर्यंत निघून गेले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तांब्याची टक्केवारी पाहून निकाल देत नाहीत.

'जास्त तांबे म्हणजे टिकाऊ' यात तथ्य आहे ते फार वरच्या टोकाला. जस्त १५ टक्क्यांच्या खाली गेले की ते निघून जाण्याचा हा त्रास जवळपास उरत नाही, आणि ८५ टक्के तांबे व प्रत्येकी ५ टक्के कथील, शिसे आणि जस्त असलेला गनमेटल याच कारणाने नावाजलेला आहे. पण ५८ टक्क्यांचे ६० टक्के केल्याने तसे काही साधत नाही. नावावरही विसंबू नये: स्पिंडलसाठी वापरले जाणारे 'मँगनीज ब्राँझ' नावाने ब्राँझ असले, तरी त्याच्या एका प्रचलित प्रकारात जस्त सुमारे ३९ टक्के असते, म्हणजे ते पितळच आहे.

चुंबक, वजन आणि रंग यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. चुंबकाने मुलामा दिलेले लोखंड पकडले जाते, हे खरे. पण जस्ताच्या डाय-कास्टिंगलाही (दाबाने साच्यात ओतलेल्या स्वस्त भागांनाही) चुंबक चिकटत नाही, आणि उलट लोह मिसळलेले उच्च ताणशक्तीचे पितळ किंचित ओढले जाऊ शकते. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला ८.४ ते ८.५ ग्रॅम, तर जस्ताच्या त्या मिश्रधातूंची ६.६ ते ६.७, सुटा भाग पाण्यात बुडवून मोजला तर हा फरक कळतो, तळहातावर तोलून नाही. रंग मुलाम्याखाली झाकला जातो. आणि शिसे किंवा आर्सेनिक किती, हे या तिन्ही पारखींनी कधीच कळत नाही.

एक्स-रे फ्लुरोसन्सचे, म्हणजे क्ष-किरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून घटक ओळखणारे, हातात धरायचे यंत्र लावले की प्रश्न मिटतो, असाही समज आहे. ते केवळ पृष्ठभाग वाचते, शिवाय प्रत्येक घटक ज्या रेषांवरून, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या किरणांवरून, ओळखतात त्यांपैकी आर्सेनिकची मुख्य रेषा आणि शिशाची एक प्रबळ रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर, सुमारे १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येतात. त्यामुळे शिसेयुक्त पितळेतले अल्प आर्सेनिक त्या यंत्राने भरवशाने सांगता येत नाही. त्यासाठी भाग घासून स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासावा लागतो.

शेवटचे विधान तडकण्याचे आणि भंगाराचे. पितळ उद्योग मोठ्या प्रमाणावर भंगारावरच चालतो. वितळलेल्या धातूचे विश्लेषण करून घटक जुळवले तर त्यातून निघणारे पितळ कोणत्याही अर्थाने हलक्या प्रतीचे नसते. न तपासता ओतले तर लोहाचे कठीण कण राहतात, ही तक्रार रास्त आहे. पण नट उभा चिरला तर मी आधी ताण आणि अमोनिया यांचा शोध घेईन. पितळेत साठलेला ताण, मग तो घडाईतला असो वा आटे अतिरेकी आवळल्याने आलेला, आणि दमट हवेतला अमोनिया एकत्र आले की अगदी निर्दोष घटकांचे पितळही तडकते. भाग साधारण २५० ते ३०० अंशांना तापवून घडाईतला ताण उतरवता येतो. पाना जास्त फिरवून आणलेला ताण मात्र बसवणाऱ्यानेच टाळायचा असतो.