पपईच्या बियांनी "सगळे जंत पडतात"? पुरावा नेमका किती?

फिरणारा मजकूर असा आहे: "पपईच्या बिया आणि वावडिंग मधातून सात दिवस घ्या, आठव्या दिवशी एरंडेल. सगळे जंत दोरीसारखे पडतात. अल्बेंडाझोलची गोळी विषारी. हे नैसर्गिक, म्हणून निर्धोक."

पपईच्या बियांचं आधी बोलू, कारण यात तथ्य असेल तर ते इथेच. 2007 मध्ये नायजेरियातल्या 60 मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना वाळवलेल्या बियांची पूड मधात मिसळून 20 मिली दिली, निम्म्यांना नुसता मध. सात दिवसांनी मलतपासणीत बियांच्या गटातली 30 पैकी 23 मुलं मोकळी निघाली, मधाच्या गटातली फक्त 5. हा पुरावा टाकाऊ नाही. पण उरलेल्या सात मुलांच्या पोटात परजीवी राहिलेच, चाचणी लहान होती, अल्बेंडाझोल या जंतांवरच्या गोळीशी तुलना नव्हती आणि त्यात वावडिंगही नव्हतं. "सगळे जंत" हे त्यातून निघत नाही.

"दोरीसारखे पडतात" म्हणजे काय, ते नीट बघा. जुलाबाने आतड्याचा चिकट आव आणि न पचलेले तंतू लांबच लांब पडतात. गोलकृमी पांढरट-गुलाबी, 15 ते 35 सेंमी लांब, दोन्ही टोकांना निमुळता आणि काडीने हलवला तरी अखंड राहणारा असतो. आव ओढला की तुटतो. शंका वाटली तर तुकडा बाटलीत घालून प्रयोगशाळेत द्यावा. रक्त पिणारा अंकुशकृमी जेमतेम एक सेंमीचा, तो मलात सहसा दिसतही नाही.

उलट, गोळीने काही पडलं नाही म्हणून ती लागू पडली नाही, असं होत नाही. अल्बेंडाझोलमुळे कृमीला ग्लुकोज शोषता येत नाही. तो उपासमारीने मरतो आणि बऱ्याचदा आतच पचून जातो. 400 मिग्रॅच्या एका गोळीने गोलकृमी बहुतेकांत जातो. चाबूककृमीवर मात्र एक गोळी फारच कमी पडते, हेही सांगायला हवं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती टाळतात.

"नैसर्गिक म्हणून निर्धोक" हे तर सरळ चूक. किरमाणी ओवा या वनस्पतीतलं सँटोनिन हे द्रव्य गोलकृमीवर खरोखर चालायचं, पण त्याने रुग्णाला सगळं पिवळं दिसू लागे, मात्रा वाढली की झटके येत. म्हणूनच ते मागे पडलं. वावडिंगातल्या एंबेलिनने प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भधारणा रोखलेली आहे. गरोदर स्त्रीने ते घेऊ नये.

काहीही घेतलं तरी दोन-तीन आठवड्यांनी मल तपासून घ्या. पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) असेल तर एक आणि तीन महिन्यांनी, कारण डोकं आत राहिलं तर तो पुन्हा वाढतो. सुतासारख्या बारीक कृमींची अंडी मलात क्वचितच सापडतात. त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या, शौचाला किंवा अंघोळीला जाण्याआधी, गुदद्वाराजवळ पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावून प्रयोगशाळेत द्यावी. हे तीन दिवस ओळीने करावं.