समुद्राचे पैसे वेगळे

परवा सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका टूर एजंटाने मला तोंडावर सांगितलं, "काका, समुद्र दिसणारी रूम पाहिजे असेल तर पैसे वेगळे पडतील." जहाजावर. समुद्राचे. वेगळे. शिवाय काका!

मी विचारलं होतं एवढंच, की सिंगापूरच्या या क्रूझवर कठड्याकडेने जहाजाला पूर्ण फेरी मारता येते का. जुन्या जहाजांना त्यासाठी प्रोमनेड डेक असायचा. तिथे चालायचं, दमलं की लाकडी आरामखुर्चीत पाय पसरायचे आणि लाटा बघायच्या. 'क्वीन मेरी २'वर आजही सातव्या डेकवर अशी फेरी मारता येते. एजंटाने संगणकात डोकं घालून शोधलं. "जॉगिंग ट्रॅक आहे ना काका. वॉटर स्लाइडच्या खालनं जातो."

शेजारच्या खुर्चीवर तिरुपतीच्या पॅकेजची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ मांडीवर हेल्मेट घेऊन बसले होते. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आम्ही जाऊन आलो की मालक, दिवाळीत. तुम्हाला काय बघायचंय?"

"समुद्र."

"समुद्रात काय बघायचंय? पाणीच की नुसतं!"

"पाणी बघायलाच चाललोय."

"मग बाथरूममधलं बघा की! चोवीस तास. गरम वेगळं, गार वेगळं. आमच्याकडं चार दिवसांआड नळ येतो, तोही पहाटे. तिथं दिवसातनं तीनदा आंघोळ केली मी. घरचे म्हणाले, चला वर, सूर्य बुडालाय बघायला. म्हटलं तुम्ही व्हा पुढं, एवढी बादली भरली की आलोच."

"जहाजावर बादली?"

"घडीची मिळते ना. घरनं नेली होती. चोवीस तास पाणी म्हणत्यात, पण उद्याचं काय सांगावं? भरून ठेवलेली बरी."

यावर काय बोलणार? आमच्याही घरात पिंपं भरून ठेवलेली असतातच. मी विषय बदलला. जहाज हलतं का, विचारलं.

"छ्या! सुटलंय कधी तेच कळालं नाही. आत आपल्या मॉलसारखं सगळं. लिफ्ट, दुकानं, एसी. खिडकी नव्हती, ते एक बरं. ऊन नाही."

सोलापूरच्या उन्हातून गेलेला माणूस ऊन नाही म्हणून खूश होणारच, हे मला कळतं. पण सोबत आलेल्या सौ.सुद्धा मान डोलवायला लागल्या आणि कडक भाकरी, शेंगाचटणी नेऊ देतात का, याची चौकशी सुरू झाली. ("विचारू नका वहिनी, न्या.") मी एकटा पडलो.

माझी सासुरवाडी रत्नागिरीकडची. सासूबाई भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायच्या. डेकवर वळकटी टाकून जागा धरायची, शेजारचं पोर ओकलं की वळकटी उचलायची, आणि बंदराला बोट धक्क्याला लागत नसेल तर हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं. सुख कसलं नव्हतंच त्यात. पण समुद्राचे पैसे कुणी वेगळे लावले नाहीत. उलट तो फुकटात अंगावर यायचा.

आता २०२४ साली सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. वीस डेक, सात जलतरण तलाव, मधोमध खरी झाडं लावलेली बाग. आकारमानाचा आकडा, म्हणजे ग्रॉस टनेज, अडीच लाखांच्या घरात, टायटॅनिकच्या पाचपट. चहूकडे समुद्र असताना सात तलाव! माझं म्हणणं, मग ते हलवता कशाला? 'क्वीन एलिझाबेथ २' बघा. १९६९ ते २००८ जहाज म्हणून फिरली, आणि २०१८पासून दुबईत धक्क्याला बांधलेलं हॉटेल आहे. दोन्ही नोकऱ्या केल्या, पण एकावेळी एकच.

हे मी बोलून दाखवलं. हेल्मेटवाले म्हणाले, "तिथं पाणी चोवीस तास असेल ना?"

शेवटी माणशी बरेच जास्त पैसे मोजून मी खिडकीची खोली घेतली. पावती हातात आल्यावर खाली बारीक अक्षरात दिसलं, की दृश्यात अडथळा येऊ शकतो. कसला अडथळा? एजंटाने स्क्रीन वळवून फोटो दाखवला. खिडकीला खिडकीएवढीच केशरी लाइफबोट चिकटलेली. "सेफ्टीसाठी असते काका. बुडायची वेळ आली तर तुम्हालाच जवळ." पैसे परत मागितले, तर रद्द करण्याचे चार्ज त्या समुद्राहून जास्त.

काल त्याचाच फोन आला. आवाजात उपकार.

"काका, आतली एक रूम सुटलीय. खिडकी नाही, पण भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, बाहेरच्या कॅमेऱ्यातनं समुद्र लाइव्ह दाखवतात. त्यात लाइफबोट मध्ये येत नाही."

सौ. बाजूने म्हणाल्या, "बंद करता येतो का विचारा. रात्री उजेड नको डोळ्यांवर."