खोलीत दुसरं कोणी नको

पीएमपी, म्हणजे परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलेला प्रकल्प व्यवस्थापक, व्हायचं मनात आणलंत, उत्तम केलंत. अमळनेरात वरच्या माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर उरकणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? पगार वाढेल न वाढेल, लग्नाच्या बायोडेटात नावापुढे तीन अक्षरं तर वाढतील. मुलीकडच्यांना त्यांचा अर्थ कळणार नाही, आणि तेच फायद्याचं आहे.

सुरुवात अर्जापासून. पदवीधर असाल तर ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. घाबरू नका. तीन वर्षं तुम्ही एक्सेलचे रकाने हिरवे-पिवळे-लाल रंगवत होतात, त्याला ‘प्रगतीचं संनियंत्रण’ म्हणायचं. साहेबाचा फोन मुद्दाम उचलला नाहीत, ते ‘संवादाचं नियोजन’. मात्र काही अर्ज पडताळणीसाठी काढले जातात आणि मग त्याच साहेबाची सही लागते. तेव्हा पास होईपर्यंत त्याच्याशी भांडू नका. जोखीम व्यवस्थापनाचा तुमचा पहिला धडा इथेच झाला.

हा अर्ज मोठ्या मायसमोर भरू नका, एवढं ऐका. ती गेली कित्येक श्रावण घरी कानबाई, म्हणजे आपली खानदेशातली देवी, बसवते आहे. नागपंचमीनंतरचा रविवार, तारीख हलत नाही. माणशी धान्य मोजून घ्यायचं, नैवेद्याचे रोट कमी पडता कामा नयेत आणि फार उरूनही चालत नाहीत, कारण ते भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेर वाटून मोकळं होता येत नाही. म्हणजे मुदत पक्की, व्याप्ती पक्की, साहित्य मोजकं आणि हितसंबंधी एकमेकांशी न बोलणारे. पण तिला हे सर्टिफिकेट मिळायचं नाही. प्रकल्प म्हणजे तात्पुरता आणि एकमेवाद्वितीय उद्योग, असं पुस्तक सांगतं. कानबाई दरसाल येते, म्हणून ते नुसतं ‘नेहमीचं कामकाज’. तुम्ही दर तिमाहीला त्याच सॉफ्टवेअरमधल्या त्याच चुका नव्याने दुरुस्त करता, तो मात्र प्रकल्प.

आता पुस्तक. ही परीक्षा घेणारी पीएमआय ही अमेरिकेतली संस्था १९६९ सालची, परीक्षा १९८४ पासूनची, आणि तिचं मार्गदर्शक पुस्तक दर काही वर्षांनी कात टाकतं. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या. पोरांनी त्या पाढ्यांसारख्या घोकल्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने त्या बाजूला सारून १२ तत्त्वं पुढे केली. आठव्या आवृत्तीत प्रक्रिया पुन्हा हजर, अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीसारख्या. तुम्ही कुठली आवृत्ती वाचायची? मित्राकडे जी पडून असेल ती. पुस्तक विकत घेण्यावर खर्च करू नका, परीक्षेची फी वेगळी भरायची आहे.

खरी मेख प्रश्नांत आहे. १८० प्रश्न, वेळ चार तासांच्या आसपास, आणि त्यातल्या काही प्रश्नांना गुणच नसतात. कोणत्या, ते सांगत नाहीत. प्रश्न साधारण असा: टीममधल्या दोघांचं बिनसलंय, काम अडलंय, व्यवस्थापक म्हणून आधी काय कराल? तुमचा अनुभव सांगेल, दोघांना चहाला न्या, नाहीतर ज्याचा मामा ओळखीचा असेल त्याच्या मामाला फोन लावा. हा पर्याय छापलेला नसतो. एकाला काढून टाका, वरच्या साहेबाकडे जा, हे पर्याय छापलेले असतात आणि बहुतेकदा चुकीचे असतात. बरोबर उत्तर असतं: दोघांशी बोला, मूळ कारण समजून घ्या. हे ज्याला आयुष्यात एकदाही जमलं नाही त्यालाही परीक्षेत जमतं. गुपित एवढंच, की प्रत्येक प्रश्नात तुम्ही फार शांत, फार समजूतदार, आणि कधीही भूक न लागणारा माणूस आहात.

सूत्रांची भीती बाळगू नका. संवादाचे मार्ग मोजायचं सूत्र आहे: माणसांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन. भाऊबंदकीत बारा घरं असतील तर ६६ मार्ग. त्यातले बांधाच्या वादापासून बंद पडलेले किती, ते सूत्रात बसत नाही. त्यासाठी आत्याला विचारावं लागतं.

खर्चाचं गणित त्याहून सोपं. घराचं बांधकाम दहा लाखांचं ठरलं. निम्मं झालं, म्हणजे पाच लाखांचं काम उभं राहिलं, आणि खर्च झाले साडेसात. पाच भागिले साडेसात, ०.६७. एकाच्या खाली आकडा म्हणजे पैसा कामापेक्षा पुढे पळतोय. दहा लाखांना त्याने भागलं की एकूण खर्च पंधरा लाख, म्हणजे अजून साडेसात हवेत. हे काढायला मला वीस मिनिटं लागली. खाली जाऊन मिस्त्रीला विचारलं, तर त्याने तंबाखू मळता मळता सांगितलं, “अजून साडेसात धरा.” तरीही सूत्र पाठ करा. मिस्त्रीला परीक्षेला नेता येत नाही.

जोखमीला तोंड कसं द्यायचं, त्याची नावंही पाठ हवीत: टाळा, दुसऱ्यावर ढकला, कमी करा, स्वीकारा. रावेर-यावलचा केळीवाला बागेच्या कडेने शेवरी लावून वारं अडवतो, पीकविमा उतरवतो आणि मे महिन्यातल्या वादळाला हात जोडतो. त्याने चारातल्या तीन गोष्टी केल्या, नावं तेवढी घेतली नाहीत. तुम्ही नावं घ्या. मार्क नावांना आहेत.

अभ्यास मे महिन्यातच करा. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, बाहेर कुत्रंही फिरत नाही, त्यामुळे ‘घरात बसून काय करतो’ असं कोणी विचारत नाही. रात्री गच्चीवर मॉक टेस्ट सोडवा. हिवाळ्यात चुकूनही नको. शेतात भरीत पार्टी ठरते, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याची भाकरी येते, आणि नऊ वाजता वाचायला बसलेला माणूस दहाला घोरत असतो.

परीक्षा घरून देणार असाल तर नियम नीट वाचा. टेबल रिकामं, भिंती रिकाम्या, खोलीचे चारही बाजूंनी फोटो, ओठ हलवून प्रश्न वाचायचा नाही आणि खोलीत दुसरं कोणी येता कामा नये. परदेशातल्या निरीक्षकाला हे वाक्य फार सोपं वाटतं. तुम्ही दाराला कडी लावाल. मोठी माय खिडकीतून विचारेल, “काय करी ऱ्हायना रे? पह्यले जेवी ले, मंग वाच.” तुम्ही ओठ हलवू शकत नाही. ती समजेल की पोरगं रुसलंय, आणि सगळ्या गल्लीला खिडकीशी गोळा करील. म्हणून केंद्रावर जा. प्रवास लांबचा पडेल, पण तिथे जेवायला कोणी बोलवत नाही.

पास झालात की सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराच्या बाजूला लावा. ते दर तीन वर्षांनी पुढच्या शिक्षणाचे ६० गुण-तास दाखवून नवं करावं लागतं, हे घरात सांगू नका, मोठी माय विचारेल, “म्हणजे तीन वरीसमा इसरी जातस का?”

यंदाच्या श्रावणात मात्र ती फ्रेमकडे बघून मोठी जबाबदारी तुम्हालाच देईल: रोटाचे गहू दळून आणायचे. तुम्ही चक्कीवर पोचाल आणि लाइट जाईल. घाई करू नका. ओट्यावर बसा, वही उघडा, जोखमीची नोंद करा, संभाव्यता आणि परिणाम लिहा, पर्याय मांडा. तोवर तिने पुतण्याला मोटारसायकलवर, जिथे लाइट आहे अशा शेजारच्या गावच्या चक्कीवर, दुसरी थैली देऊन पाठवलेलं असेल.