पाण्यातले तारे मंदच असतात

डोंगरांच्या कुशीतले तळे, त्यावर उभी आकाशगंगा आणि पाण्यात तिचे हुबेहूब प्रतिबिंब, अशी छायाचित्रे हल्ली दर आठवड्याला डोळ्यांसमोरून जातात. त्यांतल्या बहुतेकांच्या वरच्या अर्ध्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या अर्ध्याबद्दल. आकाशात जितके तारे तितकेच पाण्यात, आणि तेही तितक्याच तेजाचे, असे छायाचित्र दिसले की मी ते पुढे सरकवतो, कारण ते पाण्यावर काढलेले नसते, संगणकावर आकाश उलटे करून चिकटवलेले असते.

पाणी हा आरसा आहे खरा, पण फार कंजूष आरसा आहे. प्रकाश सरळ वरून पडला तर त्यातला जेमतेम 2 टक्के परत फिरतो आणि बाकीचा पाण्यात उतरतो. तारा क्षितिजापासून 30 अंशांवर असेल तर सुमारे 6 टक्के परत येतो; 10 अंशांपर्यंत खाली आला तर मात्र हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्याही थोडे वर जाते. म्हणजे 30 अंशांवरचा तारा पाण्यात सुमारे 3 प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याचे तेज मोजण्याचे माप) मंद दिसतो. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, पण त्या उंचीवर असताना पाण्यातला व्याध ध्रुवताऱ्यापेक्षा फार उजळ नसतो, आणि मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे तर नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतील इतके फिके पडतात. त्यामुळे खऱ्या छायाचित्रात किनाऱ्यालगतचे पाणी वरच्या आकाशाइतके उजळ कधीच नसते; पलीकडच्या काठापासून आपल्या पायांकडे येताना ते पायरीपायरीने काळे होत जाते. हा काळोख म्हणजे छायाचित्रातला दोष समजून तो स्लायडर ओढून उजळणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.

दुसरी अडचण वाऱ्याची. दिवस मावळला की डोंगरउतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि खाली तळ्याकडे घसरू लागते. झाडाचे पान हलत नाही अशा रात्रीही पाण्यावर बारीक शहारा उठतो तो बऱ्याचदा याच वाऱ्यामुळे. 15 सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्या तरंगांची सरासरी होते आणि पाणी काचेसारखे गुळगुळीत दिसते, पण ताऱ्याचे प्रतिबिंब मात्र ठिपका राहत नाही, त्याची उभी रेघ होते. व्याधाची किंवा गुरूची अशी थरथरती रेघ मला ठिपक्यापेक्षा जास्त आवडते, हे जाता जाता सांगून टाकतो. ठिपकाच हवा असेल, तर थांबण्याला पर्याय नाही.

गेल्या मोसमात मी असाच थांबलो होतो. ट्रायपॉडचे दोन पाय पाण्यात, एक खडकावर, कॅमेरा पाण्यापासून हातभर उंचीवर. 20 मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर एफ 2.8, आयएसओ 3200. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर माझा विश्वास नाही, म्हणून स्क्रीनवर एक तारा दहापट मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत हाताने फोकस केला. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास जातो, तो वाया जाऊ नये म्हणून हेडलॅम्पचा लाल दिवाच लावला होता. पहाटेच्या सुमारास वारा अचानक पडला. पाण्यात बाणाचे तीन ठिपके उमटले आणि मी श्वास रोखून बटण दाबत राहिलो. चाळीसेक छायाचित्रे झाल्यावर लक्षात आले, की तारे प्रत्येक वेळी थोडे अधिक मऊ, अधिक फुगीर होत चालले आहेत. लेन्सवर बोट फिरवले तर बोट ओले. दवाने पहिली सातआठ सोडून सगळी छायाचित्रे खाल्ली होती, आणि लेन्स गरम ठेवणारा पट्टा पाठीवरच्या पिशवीत व्यवस्थित गुंडाळलेला होता.

आकाश उलटे चिकटवणाऱ्यांची चोरी उघडी पाडतो तो मात्र जवळचा दगड. प्रतिबिंबात आपल्याला दिसते ते दृश्य जणू कॅमेरा पाण्याखाली तितक्याच खोलीवर ठेवून पाहिल्यासारखे असते. दूरच्या शिखराच्या बाबतीत हा फरक नगण्य. पण कॅमेऱ्यापासून 5 मीटरवर पाण्यातून मीटरभर वर आलेला दगड असेल आणि कॅमेराही मीटरभर उंचीवर असेल, तर त्या दिशेला सुमारे 22 अंशांपर्यंतचे तारे प्रतिबिंबात त्या दगडाआड जातात. दगडाच्या माथ्याला टेकलेला तारा पाण्यातही माथ्याला टेकलेलाच दिसला, तर ते पाणी नव्हे.

याचा अर्थ मी संगणकावरच्या कामाच्या विरोधात आहे असा नाही. दहा-बारा छायाचित्रे एकावर एक रचून त्यातला दाणेदारपणा कमी करणे मला पूर्ण मान्य आहे. आकाशासाठी ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र, वापरला, तर पाण्यासाठी वेगळे एक्स्पोजर घ्यावेच लागते, कारण आकाशात तारा वर चढत असताना त्याचे प्रतिबिंब पाण्यात खाली उतरत असते आणि आकाशाच्या मागे फिरणारा कॅमेरा ते अधिकच फरफटवतो. अशी दोन एक्स्पोजर जोडण्यातही मला काही गैर वाटत नाही. त्या तळ्याने त्या रात्री खरोखर परत पाठवलेला प्रकाश त्यात असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सोबतचे छायाचित्र त्या वाचलेल्या सातआठांपैकी आहे. खालचा भाग काळा आहे, तो तसाच ठेवला आहे. बाणाचा मधला तारा पाण्यात किंचित लांबट दिसतो; तेव्हा ट्रायपॉडच्या पायाशी एखादा मासा हलला असावा.