२६ जानेवारीच्या ग्रामसभेत वणव्याचा विषय घ्या

पोस्ट मोठी आहे. पण सातारा, जावळी, पाटण, वाई, कोरेगाव, कुठंही डोंगराकडेला तुमचं गाव असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि तुमच्या सरपंचांना पाठवा, एवढीच विनंती.

फेब्रुवारी लागला की आपल्याकडं रात्री मान वर केली तर कुठं ना कुठं डोंगरावर लाल रेघ दिसतेच. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर, चंदन-वंदन, वैराटगड, सगळ्यांनी बघितलेलं आहे हे. मग गावातली पोरं आहे त्या चपलेवर वर पळतात, करवंदीचे नायतर जांभळीचे डहाळे मोडतात आणि मध्यरात्रीपर्यंत झोडपत बसतात, सकाळी त्यांचे फोटो फिरतात, सगळीकडून 'सलाम भावांनो' येतं आणि विषय तिथंच संपतो तो थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. मी त्या पोरांबरोबर जात आलोय, त्यांचे भाजलेले हात बघितलेत, त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण वणवा लागल्यावर कोण धावलं हे फार उशिराचं झालं. दिवाळी ते जानेवारी या काळात ग्रामपंचायतीनं काय केलं ते आधी विचारा. बहुतेक गावात काहीच केलेलं नसतं, विषयपत्रिकेवर वणवा हा शब्दच नसतो.

पुराचं बघा. सांगलीत शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल, आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हापासून नदीकाठी पावसाळ्याआधी बोटी तपासायच्या, याद्या करायच्या, कुणाला कुठल्या शाळेत हलवायचं हे ठरवायचं, असं सगळं अंगवळणी पडलंय. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळेला दरड आली, त्यानंतर दरडीच्या गावांकडं पण बघायला लागले. हे व्हायलाच पाहिजे. पण पूर काही वर्षांनी येतो आणि वणवा दरवर्षी, त्याच डोंगराला, त्याच महिन्यात, बऱ्याचदा त्याच वाटेनं. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं, आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, तर गवत डिसेंबरातच वाळतं. एवढी तारीख सांगून येणारी दुसरी कुठली आपत्ती आहे का? आणि तरी गावात त्याच्यासाठी एक कागद नाही.

माणसं मरत नाहीत ना मग कशाला एवढं, असं मला एकानं तोंडावर विचारलंय. माणसं मरतात, त्याच्यावर खाली लिहिलंय. पण आधी मातीचं बोलू. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं २०१६ ला पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावोगावी पाणी अडवायच्या स्पर्धेत, पहिला नंबर काढला आणि मग माण-खटाव-कोरेगावात किती गावांनी उन्हातान्हात समतल चर खणले, बांध घातले, झाडं लावली. आता डोंगर जळला की काय होतं, गवताची मुळं-पाचोळा काही राहत नाही, माती उघडी पडते, आणि वळवाचा पहिला दणका ती राख आणि माती उचलून थेट त्याच चरात आणि बंधाऱ्यात आणून टाकतो. लोकांनी घाम गाळून केलेलं काम एका काडीनं बुजतं. लावलेली रोपं तर जातातच, तित्तर, लावे, घोरपडी, ससे यांचं काय होतं ते दुसऱ्या दिवशी काळ्या माळावरून चालत गेलं की कळतं, मी ते इथं लिहीत नाही.

आता लावतंय कोण. आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसानंच लावलेले असतात. काही बिडी-सिगरेटचे, कास आणि ठोसेघरच्या रस्त्याला थांबणाऱ्या गाड्यांचे, काही बांध पेटवताना नायतर उसाचं पाचट पेटवताना वारा फिरला म्हणून, आणि बरेच मुद्दाम, गवत चांगलं यावं म्हणून. या शेवटच्या लोकांना आपण सोशल मीडियावर सरळ शिव्या घालतो, मला ते पटत नाही. जुनी माणसं खोटं बोलत नाहीत, जाळल्यावर कोवळे फुटवे खरंच लवकर आणि हिरवेगार येतात, डोळ्याला दिसतात. पण जो डोंगर वर्षानुवर्षं जळतोय तिथं जाऊन बघा काय उरलंय. कुसळी. मारवेल, पवन्या ही चांगली वैरण मागं पडत जाते आणि कुसळी पुढं सरकते, कारण तिचं बी टोकदार असतं, ओल मिळाली की कुसळ पिळा घेतं आणि बी मातीत घुसतं, वरून आग गेली तरी आत शाबूत. आणि एकदा कुसळं धरली की जनावर त्याला तोंड लावत नाही. म्हणजे वैरणीसाठी लावलेली आग वैरणच संपवते. हे कुणीतरी पारावर बसून म्हाताऱ्या माणसांशी नीट बोललं पाहिजे, त्यांच्या डोंगरावर त्यांना घेऊन जाऊन दाखवलं पाहिजे, बोर्ड लावून होत नाही ते.

अजून एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात मोठं वाटतं. जावळी-पाटणकडं अर्धं गाव मुंबईला. जनावरं कमी झाली, गवत कापायला माणूस नाही, रानं पडीक पडली. पूर्वी गावाच्या आणि डोंगराच्या मध्ये नाचणी-वरीची रानं असायची, कापून मोकळी झालेली, आग तिथं येऊन आपोआप थांबायची. आता डोंगराचं गवत खाली उतरत उतरत गोठ्याच्या भिंतीला टेकलंय. म्हणजे वणवा आता घरापर्यंत येऊ शकतो, आणि आपण अजून तो डोंगरावरचा विषय समजतोय.

म्हणून ग्रामपंचायतीनं करायचं पहिलं काम म्हणजे गवत कमी करणं. बऱ्याच ठिकाणी गायरानातल्या गवताचा लिलाव होतो, त्याच्या अटीतच घाला की डिसेंबरअखेर कापणी झाली पाहिजे. जिथं घ्यायला कुणी नाही तिथं गवत फुकट द्या, फक्त कापून न्या म्हणावं, दुष्काळी भागात वैरण कमी पडतेच, माणमधला माणूस ट्रॉली घेऊन येईल. गोठा, कडब्याची गंज, वस्तीवरची घरं यांच्या भोवती मोकळा पट्टा पाहिजे. कॅलिफोर्नियात कायद्यानंच वणव्याच्या भागातल्या घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळकी झुडपं-गवत साफ ठेवावं लागतं, नाही ठेवलं तर दंड होतो. आपल्याकडं शंभर फूट जागा कुठली, पण तीस-चाळीस फूट तरी घराच्या वरच्या बाजूला सोडता येते की.

दुसरं जाळपट्टे. गावाची हद्द आणि डोंगर याच्या मध्ये, रस्त्याच्या दोन्ही कडेला, गवत कापून मग पहाटे वारा पडलेला असताना माणसं उभी करून ती पट्टी जाळून काढायची. ज्वाळा जेवढी उंच उठते त्याच्यापेक्षा पट्टा चांगला रुंद पाहिजे, नाहीतर आग उडी मारते. वनखातं त्यांच्या हद्दीत जाळरेषा काढतं, पण ती जिथं संपते तिथं गायरान आणि मालकी रान सुरू होतं आणि तिथं कुणीच काही करत नाही, आग नेमकी त्याच फटीतून येते. म्हणून गार्डला, वनपालाला डिसेंबरात गावात बोलवा, नकाशा घेऊन बसा, त्यांची रेघ कुठं संपते आणि आपली कुठं सुरू होते ते ठरवा. जंगलाच्या हद्दीत आपण परस्पर काही पेटवायचं नाही, तो गुन्हा आहे, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात स्पष्ट आहे.

आणि 'जागा फॉरेस्टची, आम्हाला काय' म्हणणाऱ्यांसाठी, त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये असं आहे की ज्यांना जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क किंवा परवानगी आहे त्यांनी आग दिसली की कळवायचं आणि विझवायला मदत करायची. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सुद्धा सांगतो की स्थानिक संस्थेनं आपली माणसं आणि साधनं तयार ठेवायची. ग्रामपंचायत यातून सुटत नाही.

पाचटाचं काय करायचं? पेटवायचंच नाही म्हटलं तर कोण ऐकणार नाही, शेतकऱ्याच्या अडचणी मला माहिती आहेत. पाचट ठेवलं, कुट्टी केली तर जमिनीला फायदाच आहे, ते आपण सांगत राहू. पण डोंगराकडेच्या रानाला तरी एवढा नियम करा की आदल्या दिवशी पोलीस पाटलांना सांगायचं, ऊन चढायच्या आत उरकायचं आणि फवारणीचा पंप पाण्यानं भरून बांधावर ठेवायचा.

खबर मिळण्याचं बघा. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगी टिपतं आणि मोबाईलवर मेसेज पाठवतं, नाव नोंदवलं की आपल्यालाही येतो, फुकट आहे. पण सॅटेलाईट दिवसातून काहीच वेळा वरून जातो, मेसेज यायला वेळ लागतो, बारकी आग सुटते. त्यामुळं ग्रामसेवक आणि सरपंचांनी नोंदणी करावीच, पण खरा भरवसा आपल्या डोळ्यांवर. गुराखी, वस्तीवरच्या बायका, रानात पाणी धरणारा माणूस, यांना धूर सगळ्यात आधी दिसतो. त्यांनी फोन कुणाला करायचा? वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तो किती जणांच्या फोनमध्ये आहे? तो शाळेच्या, देवळाच्या, डेअरीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

देवळाचा भोंगा आहेच, पण तो वाजवायचा कुणी हे नावानिशी ठरलं पाहिजे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत हवाईच्या माउई बेटावर लाहायना शहर जळालं, जवळजवळ शंभर माणसं गेली. तिथं धोक्याच्या भोंग्यांची मोठी यंत्रणा होती, त्या दिवशी भोंगे वाजवलेच गेले नाहीत. यंत्र होतं, खांब होते, आणि तरी. आपल्याकडं भोंग्याच्या खोलीची किल्ली पुजाऱ्याकडं आणि पुजारी लग्नाला, असं होता कामा नये, दुसरी किल्ली दुसऱ्याकडं पाहिजे.

आता पोरांच्या जिवाचं. मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीला ट्रेकला गेलेली मंडळी वणव्यात सापडली, वीसच्या वर माणसं गेली, बरीचशी तरुण. डोंगर चढाचा, गवत वाळलेलं, वारा सुटलेला, अगदी आपल्यासारखंच. आग चढाला पळते हे लक्षात ठेवा, उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, तुम्ही तिच्या पुढं पळून जिंकू शकत नाही. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला जायचं नाही, घळीत उतरायचं नाही, मागं जळून काळं झालेलं रान कायम जवळ ठेवायचं, कारण तीच सुरक्षित जागा. टेरिकॉटचा शर्ट, नायलॉनची ट्रॅकपँट घालून जायचं नाही, ते अंगाला चिकटतं, सुती जाडं कापड आणि बूट. एकट्यानं नाही, दारू पिऊन तर अजिबात नाही, आणि वर कोण कोण गेलंय याची यादी खाली एका माणसाकडं. हे सगळं डिसेंबरात वनखात्याच्या माणसाकडून अर्ध्या दिवसात शिकून होतं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, की आपल्याकडं हे कुणीतरी गेल्यावर सुरू होईल.

पैसे नाहीत हे उत्तर मला मान्य नाही. वित्त आयोगाचा अबंधित निधी गावाच्या गरजेच्या कामाला वापरता येतो. चार-पाच पाठीवरचे पंप, बॅटऱ्या, बूट-हातमोजे, जमलं तर पाचोळा उडवायचा एक ब्लोअर, वनखात्याची माणसं आग रोखायला तोच वापरतात, एका गटाराच्या कामापेक्षा कमी पैशात होतं. फक्त २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते तेव्हाच ते मांडलं पाहिजे, मार्चमध्ये आठवून उपयोग नाही. 'माझी वसुंधरा' अभियानात गावं भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच गटात मार्क मिळवायला धडपडतात, अग्नीत सोलर आणि एलईडी दिवे येतात, चांगलंच आहे. त्याच अग्नीत वणवामुक्त डोंगराला मार्क द्या, अशी मागणी सगळ्या डोंगरी गावांनी मिळून केली पाहिजे, मार्क मिळतात म्हटल्यावर कामं होतात हे आपण बघितलंय.

यंदाच्या २६ जानेवारीला मांडायच्या ठरावाचा मसुदा मी टाईप करून ठेवलाय, एक पानच आहे. गवत कापणीची मुदत, जाळपट्टे कुठून कुठपर्यंत, भोंगा कुणाकडं, फोन कुणी करायचा, डोंगरावर कोण जाणार आणि खाली यादी कोण धरणार, पाचटाचा नियम, साहित्याचा खर्च, सगळ्यात नावासाठी जागा मोकळी सोडलीय. ज्यांना पाहिजे त्यांनी इनबॉक्सला गावाचं नाव टाका, लगेच पाठवतो. फक्त ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचा आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.