लॅन केबल बदलून तानपुरा खुलत नाही

हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं डिजिटल) संगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. साध्या राउटर-स्विचमधून आलेलं गाणं कोरडं वाटतं, म्हणून ऑडिओसाठी खास बनवलेला स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) आणि चांदीचा मुलामा दिलेली लॅन केबल घ्या, मग तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतील, असा तो सल्ला. कारणं तीन सांगतात: साध्या स्विचमध्ये डेटा गळतो, डेटाचा ठेका धरणारं त्याचं घड्याळ डळमळीत असतं आणि विजेचा गोंगाट केबलमधून डॅकपर्यंत, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या उपकरणापर्यंत, पोचतो. वर पुरावा म्हणून ‘आम्ही स्वतः ऐकलंय’. हजार-दीड हजारात जे काम होतं त्यासाठी लोक पगार घालवताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी डेटा गळण्याचं. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. हिशेब होतो साधारण १.४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १४ लाख बिट. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झला तो ९.२ एमबीपीएसवर जातो, आणि फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता संगीत आवळणारा फाइल-प्रकार) आवळल्यावर त्याहून कमीच. जुन्यातला जुना १०० एमबीपीएसचा पोर्टही हे सहज पेलतो. शिवाय इथरनेटच्या, म्हणजे लॅन केबलवरच्या नेटवर्कच्या, प्रत्येक फ्रेमसोबत (डेटाच्या गठ्ठ्यासोबत) ३२ बिटचा तपासणी-आकडा जातो. तो जुळला नाही तर फ्रेम टाकून दिली जाते आणि हरवलेला भाग पुन्हा मागवला जातो. त्यामुळे तारसप्तक जरा बोथट झालंय असा ‘थोडासा बिघडलेला’ डेटा पोचतच नाही. नेटवर्क कमी पडलं तर गाणं अडखळतं किंवा थांबतं.

हे घरी तपासता येतं. फ्लॅक फाइल बनवताना मूळ आवाजाची एमडी५ खूण (त्या डेटावरून काढलेला ठशासारखा आकडा) सहसा फाइलच्या सुरुवातीलाच नोंदली जाते. स्वस्तातल्या स्विचमधून फाइल दुसऱ्या संगणकावर घ्या आणि फ्लॅकच्याच प्रोग्रॅमने तपासा. आवाजाचा एक बिट जरी बदलला असेल तरी तपासणी नापास होते.

घड्याळाचा मुद्दा ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण त्यात दोन वेगळी घड्याळं एक केली आहेत. संगीत स्विचमधून थेंब-थेंब थेट डॅकमध्ये पडत नाही. ते गठ्ठ्यांनी येऊन प्लेअरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतं आणि तिथून डॅक किंवा स्ट्रीमर (नेटवर्कवरून संगीत वाजवणारं उपकरण) आपल्या घड्याळाच्या ठेक्यावर उचलतो. गाणं चालू असताना लॅन केबल उपसून बघा. बहुतेक प्लेअर काही सेकंद, काही तर अख्खं गाणं, तसंच वाजवत राहतात. त्या वेळात स्विचचा संबंधच तुटलेला असतो. सल्ला खरा असता तर केबल निघाल्या क्षणी आवाज बदलायला हवा होता.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. विद्युत गोंगाट तारेतून खरंच प्रवास करू शकतो. पण इथरनेटच्या पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते दोन उपकरणं विजेच्या दृष्टीने अलग ठेवतात. गंमत म्हणजे हा अलगपणा महागड्या शिल्डेड (धातूच्या वेष्टनाच्या) केबलनेच मोडू शकतो. ते वेष्टन दोन्ही टोकांना जोडलं गेलं की दोन उपकरणांचं अर्थिंग एकत्र येतं आणि स्पीकरमधून बारीक घरघर सुरू होऊ शकते. घरात बिनवेष्टनाची साधी कॅट ५ई किंवा कॅट ६ लावा. तरीही शंका असेल तर मधला एक टप्पा फायबरचा करा, काचेतून वीज जात नाही. आणि हा गोंगाट आलाच तर घरघर, खरखर अशा रूपात येतो. गायकाचा आवाज ‘मोकळा’ किंवा ‘बंदिस्त’ करण्याचं काम तो करत नाही.

राहिला कानांचा पुरावा. ऐकणारे खोटं बोलत नाहीत, त्यांना फरक खरंच जाणवतो. पण कोणती वस्तू लावली आहे हे ठाऊक असलं की अपेक्षा ऐकण्यात मिसळते. घरातल्या कोणाला तरी तुमच्या नकळत केबल बदलायला किंवा तशीच ठेवायला सांगा, अंदाज कागदावर लिहा. १० पैकी ९ किंवा जास्त वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास आहे. इतके जमले तर मी गप्प बसेन.

सोसायट्यांमध्ये संगीताचा खरा घात होतो तो वायफायवर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर अख्ख्या मजल्याचे राउटर. त्यात आपला राउटर टीव्हीच्या बंद कपाटात. तो बाहेर, उंचावर ठेवा, स्ट्रीमरला ५ गिगाहर्ट्झ द्या, जमलं तर साधी केबलच ओढा. वीज जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस. आणि अ‍ॅपमध्ये लॉसलेस (काहीही न गाळता संगीत पाठवण्याची सोय) चालू आहे ना, ते आधी बघा. अ‍ॅपल म्युझिकमध्ये ते स्वतःहून चालू करावं लागतं. फोनवरून ब्लूटूथने स्पीकरला पाठवत असाल तर नेहमीच्या एसबीसी किंवा एएसी कोडेकने संगीत पुन्हा आवळलं जातं आणि त्यातला काही भाग कायमचा जातो. तिथे कुठलाही स्विच उपयोगाचा नाही.